झिरो बघा, मशीन बघा, मेसेज बघा

परदेशात लेकीकडे राहून आलेले काका पहिल्या आठवड्यात तीन विषयांवर बोलतात: तिथली हवा, तिथले रस्ते आणि तिथला पेट्रोल पंप. "अहो, पंपावर माणूसच नसतो! कार्ड लावायचं, नोझल उचलायचं, भरायचं आणि निघायचं. कुणी काही विचारत नाही." अशा वेळी ऐकणाऱ्यांनी माना डोलवायच्या असतात. भिवंडीकरही डोलवतो, पण मनात म्हणतो, आमच्या पंपावर माणसं चार असतात आणि काम सगळं मी करतो.

मोजून बघा. अंजूरफाट्याला किंवा कल्याण नाक्याला गाडी पंपात घाला. टाकीचं झाकण तुम्ही उघडायचं. झिरो तुम्ही बघायचा. आकडे पळत असताना नजर तुम्ही ठेवायची. 'कार्ड' असं म्हटलंत की मशीन कुठे आहे ते तुम्ही शोधायचं, कारण ते तिसऱ्या रांगेत कुणाच्या तरी टेम्पोच्या बॉनेटवर ठेवलेलं असतं. मशीनवर पोराने किती रक्कम टाकली ते तुम्ही वाचायचं, पिन तुम्ही दाबायचा, पैसे गेल्याचा मेसेज तुम्ही दाखवायचा आणि ते पंपाला पोचल्याचं सिद्धही तुम्हीच करायचं. तेवढं एक नोझल आपल्या हातात देत नाहीत. म्हणजे स्वयंसेवा भिवंडीत कधीच आलेली आहे. तिच्यातला सोपा भाग फक्त पगारी माणसाकडे ठेवला आहे.

आधी अविश्वास, मग पेट्रोल

काकांचा तो बिनमाणसांचा पंप चालतो कसा, हे काकांनी सांगितलं नाही, कारण कार्ड जावयाचं होतं.

त्या पंपाची अडचण अशी की गिऱ्हाईक किती पेट्रोल घेणार हे त्याला आधी ठाऊक नसतं. दुकानात वस्तू हातात, किंमत चिठ्ठीवर, मग कार्ड. पंपावर कार्ड आधी आणि किंमत नंतर. आणि एकदा टाकीत गेलेलं पेट्रोल परत काढून घेता येत नाही. म्हणून यंत्र आधी बँकेला विचारतं. कार्ड लागलं की पंपाकडून निरोप पंपाच्या बँकेकडे जातो, तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा तत्सम जाळ्यात शिरतो आणि तिथून गिऱ्हाइकाच्या बँकेच्या दारात पोचतो. प्रश्न एवढाच असतो: हा माणूस बरा आहे का? बँक 'बरा आहे' म्हणते आणि त्याच्या खात्यातली काही रक्कम बाजूला अडकवून ठेवते. मगच नोझल जिवंत होतं. भरून झालं, नोझल जागेवर गेलं, की खऱ्या रकमेचा दुसरा निरोप जातो, तेवढेच पैसे कापले जातात आणि उरलेली अडकवणूक सुटते.

सुटायला हवी, असं म्हणू. अमेरिकेत ही अडकवायची कमाल रक्कम व्हिसा आणि मास्टरकार्डने २०२२ साली, इंधन भडकलं तेव्हा, १२५ डॉलरवरून १७५ डॉलरवर नेली. पेट्रोल घेतलं चाळीस डॉलरचं आणि खात्यात गोठले १७५. क्रेडिट कार्डवाल्याला हे कळतही नाही. डेबिट कार्डवाल्याला कळतं, कारण त्याचे स्वतःचे पैसे असतात आणि संध्याकाळी किराणा घ्यायचा असतो. लग्नाच्या हॉलचं डिपॉझिट जसं नवरानवरी हनिमूनहून आल्यावर परत मिळतं, तसं ते कधी काही तासांत, तर कधी काही दिवसांनी मोकळं होतं.

तर तिकडचा रिवाज असा: आधी अविश्वास, मग पेट्रोल. आपला रिवाज: आधी पेट्रोल, मग अविश्वास. तिकडे संशय घेण्याचं काम यंत्राला दिलेलं आहे, त्यामुळे कुणाचं तोंड वाकडं होत नाही. आपल्याकडे ते काम गिऱ्हाईक आणि पंपावरचा पोरगा दोघं मिळून करतात, रोज, उन्हात, मागच्या रिक्षाच्या हॉर्नच्या साथीने.

वेलणकरांचा एक आकडा जास्त

काकांनी आपलं भारतीय कार्ड तिथे लावून बघितलं असतं तर त्यांना आणखी एक गंमत कळली असती. अमेरिकेतला पंप पुष्कळदा कार्डमालकाच्या पत्त्याचा पोस्टाचा क्रमांक विचारतो. चोरलेलं कार्ड असेल तर चोराला हा क्रमांक ठाऊक नसणार, असा त्यामागचा हिशेब. तो क्रमांक पाच आकडी. आपला पिनकोड सहा आकडी. पोस्टखात्यात अधिकारी आणि एरवी संस्कृत कवी असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने ही सहा आकड्यांची व्यवस्था आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ला ती देशात लागू झाली. देशभरचे पत्ते त्यात बसले. पण ४२१३०२ हा भिवंडीचा पत्ता अमेरिकन पंपाच्या पाच खणांत काही बसत नाही. मग प्रवाशाने आत दुकानात जायचं, काउंटरवरच्या माणसाला सांगायचं की तीन नंबरच्या पंपावर चाळीस डॉलर, आणि पैसे आधी मोजायचे. माणूस नसलेल्या पंपावर शेवटी माणूसच कामाला येतो.

आणि काका जर एडिसनला उतरले असतील, जिथे गणपती, दिवाळी पहाट आणि मिसळ सगळं वेळेवर होतं, तर त्यांनी सांगितलेली गोष्ट शेजारच्या राज्यातली असणार. कारण न्यू जर्सीत गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे. १९४९ सालापासून. ओरेगॉन राज्यातही अशी बंदी होती, तिथे २०२३च्या ऑगस्टमध्ये ती उठली. आता उरलं एकटं न्यू जर्सी. म्हणजे भिवंडीतून निघालेला आपला पोरगा सातासमुद्रापलीकडे घर घेतो आणि तिथेही काच खाली करून पंपावरच्या माणसाला सांगतो, फुल कर. फरक एवढाच की तिथे त्याला झिरो बघावा लागत नाही.

तिकडच्या प्रगतीचं आणखी एक माप. आपल्या रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं की जुन्या काळ्या पट्टीची कार्डं २०१८च्या अखेरीपर्यंत बदलून चिपची द्या. अमेरिकेत दुकानांनी चिप घ्यावी यासाठी २०१५ साली मुदत ठरली, पण पंपवाल्यांना ती २०१७, मग २०२० आणि शेवटी एप्रिल २०२१ अशी वाढवून मिळाली, कारण एकेक पंप उकरून आतलं यंत्र बदलायचं म्हणजे खर्च फार. तोवर चोरांनी पंपांच्या कार्ड वाचणाऱ्या खाचेत आपली यंत्रं बसवून पट्ट्यांची नक्कल करण्याचा धंदा जोरात चालवला. तेव्हा कार्डाच्या बाबतीत आपण मागासलेले नाही. आपण मागासलो आहोत ते पावतीच्या कागदात. रोल संपलेला असतो. तो कधी भरतात हे अजून कुणी पाहिलेलं नाही.

एक शून्य जास्त

आता आपल्या मशीनकडे या. मानकोलीच्या पुलाखाली तासभर अडकून तुम्ही पंपावर आला आहात. ठाण्याला पोचायचं आहे, मीटिंग सुरू झालेली आहे. "कार्ड चालेल ना?" "चलेगा साब." पेट्रोल भरून होतं. मग कळतं की मशीनला नेटवर्क नाही. हे भरण्याआधी कळलं असतं तर तुम्ही पुढच्या पंपावर गेला असता, म्हणून ते नंतर कळतं. पोरगा मशीन आकाशाकडे धरतो. थोडा पुढे जातो. हवेच्या मशीनजवळ रेंज येते. तुम्ही त्याच्यामागे. तुमच्या गाडीमागे एक छोटा हत्ती, त्याच्यामागे बारा दुचाक्या, आणि सगळ्यांच्या नजरेत एकच भाव: कॅश का नाही ठेवत हे लोक.

रेंज आली की पोरगा रक्कम टाकतो. त्याने नोझलच्या यंत्रावर पाचशे प्रीसेट केले होते, आता कार्डच्या मशीनवर पुन्हा पाचशे टाइप करतो. दोन यंत्रं एकमेकांशेजारी उभी, आणि त्यांच्यामधली तार म्हणजे एका थकलेल्या पोराचा अंगठा. तो अंगठा एक शून्य जास्त दाबू शकतो. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१पासून पिन न दाबता नुसतं टेकवून होणाऱ्या व्यवहाराची मर्यादा दोन हजारांवरून पाच हजार रुपये केली. पाचशेवर एक शून्य म्हणजे पाच हजार. मर्यादेत अगदी चपखल बसतं. टेकवलं, बीप वाजलं, झालं. चोरी नाही, फसवणूक नाही, नुसती घाई. म्हणून मशीनच्या पडद्याकडे बघितल्याशिवाय कार्ड टेकवू नये, हा या लेखातला सर्वांत फुकट आणि सर्वांत कामाचा सल्ला.

दुसरा प्रसंग याच्या उलट. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज तुमच्या मोबाइलवर येतो, आणि मशीनवर मात्र 'व्यवहार अयशस्वी'. पोरगा म्हणतो, आले नाहीत. तुम्ही म्हणता, गेले. दोघंही खरं बोलत असतात आणि दोघंही एकमेकांकडे भामटा म्हणून बघतात. नियम स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराच्या मशीनला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही न मागता. नियम उत्तम आहे. फक्त त्या क्षणी पुन्हा पाचशे कुठून काढायचे, याबद्दल परिपत्रक गप्प आहे. बँकेचे पाच दिवस आणि मागच्या टेम्पोवाल्याचे पाच सेकंद यांच्यामध्ये तुम्ही उभे असता.

मोबाइल वापरू नये, स्कॅन करावे

पंपावर दोन पाट्या असतात. एका पाटीवर मोबाइलवर लाल फुली. स्फोटक पदार्थांची जागा, सुरक्षेचा प्रश्न. ज्या केंद्रीय खात्याकडे या सुरक्षेचा कारभार आहे, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, म्हणजे नियम अगदी घरचा. दुसरी पाटी त्याच खांबाला, थोडी खाली, गळ्यात अडकवल्यासारखी: चौकोनी ठिपक्यांची जाळी, जिला सगळं गाव 'स्कॅनर' म्हणतं, वास्तविक स्कॅनर आपल्या खिशात असतो. पहिली पाटी सांगते मोबाइल काढू नका, दुसरी सांगते काढल्याशिवाय जाऊ नका. भिवंडीकर दोन्ही पाट्यांचा मान राखतो. तो मोबाइल काढतो आणि थोडा लपवून धरतो.

यूपीआयने कार्डाची बरीच कटकट मिटवली हे कबूल केलं पाहिजे. मशीन शोधायला नको, पिन परक्या बटणांवर दाबायला नको, आणि पैसे आल्याचं तिथला बोलका डबा सगळ्या पंपाला ओरडून सांगतो. तुम्ही एकशे दहाचं पेट्रोल भरलंत ही बातमी आता खासगी राहिलेली नाही. कुणीतरी कधीतरी सांगितलं की शंभरचं भरू नका, एकशे दहाचं भरा, म्हणजे मापात मारता येत नाही. तेव्हापासून निम्मा जिल्हा एकशे दहाचं भरतो. माप मारणाऱ्यांना आकडेमोड येत नाही, असा आपला गोड समज आहे.

आधी पैसे, मग पेट्रोल हा तिकडचा क्रम इकडेही येऊ पाहतो आहे. भारत पेट्रोलियमने २०२२ साली 'यूफिल' नावाची सोय आणली: पैसे आधी भरायचे, आणि यंत्र तेवढ्याच रकमेचं इंधन सोडणार. रिझर्व्ह बँकेनेही डिसेंबर २०२२मध्ये यूपीआयवर रक्कम आधी अडवून ठेवून नंतर लागेल तशी कापण्याची मुभा जाहीर केली. सोय चांगली. पण पंपावर जाऊन 'यूफिल' म्हणून बघा. पोरगा प्रेमाने विचारतो, "फुल?"

एक टक्का कुणाच्या खिशातला

कार्डाचं पेट्रोल रोखीच्या पेट्रोलपेक्षा वेगळं असतं, हे आपल्याला नोटाबंदीनंतर कळलं. नोव्हेंबर २०१६मध्ये नोटा गेल्या. डिसेंबरात सरकारने सांगितलं, कार्डाने भरा, पाऊण टक्का सूट. सूट लगेच नाही, तीन दिवसांत खात्यावर. जानेवारी उजाडला तसं बँकांनी पंपवाल्यांना कळवलं की कार्डच्या व्यवहारावर तुमच्याकडून एक टक्क्यापर्यंत शुल्क घेऊ. पंपवाले म्हणाले, आमचं कमिशन लिटरमागे ठरलेलं, त्यातून तुम्हाला काय द्यायचं? ९ जानेवारी २०१७पासून कार्ड बंद, अशी घोषणा. मग चार दिवसांची मुदत, मग बैठका, मग तोडगा: गिऱ्हाइकावर बोजा नाही, पंपवाल्यावर बोजा नाही. बँका आणि तेल कंपन्यांनी आपसांत बघून घ्यावं. त्यांनी बघून घेतलं. १ ऑक्टोबर २०१९पासून क्रेडिट कार्डवरची ती पाऊण टक्क्याची सूट बंद झाली.

आजही क्रेडिट कार्डच्या पत्रकात इंधनाचा अधिभार आधी लागतो आणि नंतर माफ होतो, ठराविक रकमांच्या मध्ये भरलं असेल तरच, आणि त्यावरचा जीएसटी बहुतेकदा माफ होत नाही. आधी घ्यायचं आणि मग उपकार म्हणून परत द्यायचं, ही कला आपल्या बँकांनी पंपाशिवायही साधली आहे. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर मात्र १ जानेवारी २०२०पासून दुकानदाराला शुल्क शून्य. तेव्हापासून पंपावरचं स्वाइप मशीन जास्त वेळा बिघडतं आणि तो जाळीचा कागद कधीच बिघडत नाही. हा योगायोग समजावा.

पंपवाल्यांचीही एक बाजू आहे आणि ती हसण्यासारखी नाही. मे २०२५मध्ये विदर्भातल्या आणि नाशिककडच्या पंपचालकांनी जाहीर केलं की १० तारखेपासून डिजिटल पैसे घेणार नाही. कारण सायबर चोर लोकांना लुटून तोच पैसा पंपावर फिरवतात. तक्रार होते, पैशाचा माग पंपाच्या खात्यापर्यंत येतो आणि खातं गोठतं. पंपवाल्याने पाचशेचं पेट्रोल दिलं, त्याबद्दल त्याचं सगळं खातं अडकलं. अमेरिकेत पेट्रोल घेणाऱ्याचे पैसे गोठतात, महाराष्ट्रात पेट्रोल विकणाऱ्याचे.

गाडीतला चालक, ऑफिसातला पिन

पण भिवंडीत पंपावरच्या कार्डाची खरी कथा तुमच्या-माझ्या कार्डाची नाहीच. ती ट्रकवाल्याच्या कार्डाची आहे. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडे, वळ इथल्या गोदामांतून देशभरात माल निघतो. आपण घरबसल्या मागवलेली चप्पल बहुधा यांतल्याच एखाद्या शेडमधून निघालेली असते. हा माल डिझेलवर चालतो आणि डिझेल कार्डावर चालतं. इंडियन ऑइलचं 'एक्स्ट्रापॉवर', भारत पेट्रोलियमचं 'स्मार्टफ्लीट', हिंदुस्थान पेट्रोलियमचं 'ड्राइव्हट्रॅक प्लस'. मालकाने आधी पैसे भरायचे, गाडीगणिक मर्यादा लावायची आणि चालकाला रोख न देता रवाना करायचं. पूर्वी चालकाच्या बनियनला चोरखिसा असायचा. आता मालकाच्या मोबाइलला मेसेज असतो: अमुक गाडी, अमुक पंप, इतके रुपये.

हीसुद्धा अविश्वासाचीच व्यवस्था, पण चोख. निदान कागदावर. कारण कार्डाला रुपये कळतात, लिटर कळत नाहीत. ट्रान्सपोर्टवाल्यांची जुनी तक्रार आहे की कार्ड वाजतं दोनशे लिटरचं, टाकीत जातं एकशेऐंशीचं, आणि उरलेले वीस लिटर चालक आणि पंपावरचा माणूस यांच्यात रोख होतात. मग मालकाने टाकीत सेन्सर बसवला. मग कुणीतरी सेन्सरला कसं फसवायचं ते शोधलं. आता मालक गाडी कुठे थांबली ते जीपीएसवर बघत बसतो आणि धंदा मुनीम बघतो. चालकाला विचारलं तर तो म्हणतो, "शेठ, वाटेत टोल, पोलीस, वजनकाटा, पंक्चर, हमाली. त्याचं कार्ड कुठंय?" या प्रश्नाला तिन्ही कंपन्यांकडे उत्तर नाही.

पडद्यामागचा पल्सर

आता मुद्द्याची गोष्ट. समजा उद्या भिवंडी बायपासला बिनमाणसांचा पंप उघडला. कार्ड लावा, नोझल घ्या, भरा, निघा. आपला प्रश्न सुटेल?

२०१७च्या उन्हाळ्यात लखनऊमध्ये पोलिसांनी पंपांच्या आत बसवलेल्या चिप पकडल्या. त्याच धाग्यावरून ठाणे गुन्हे शाखेने जूनमध्ये छापे सुरू केले, डोंबिवलीपासून. म्हणजे आपल्याच पोलीस आयुक्तालयात, आपल्या शेजारी. मग राज्यभर पंप तपासले गेले आणि ठिकठिकाणी पल्सरमध्ये फेरफार सापडला. पल्सर म्हणजे मीटर जितकं फिरेल तितके विजेचे ठोके मोजून पडद्यावर आकडा लावणारा भाग. ठोके खोटे केले की पडदा खरं बोलूच शकत नाही. तुम्ही झिरो बघितला होता. झिरो खरा होता. त्यानंतरचं सगळं खोटं होतं. त्या पंपांवर कार्डाने पैसे दिले असते तरी बँकेने अगदी अचूक रक्कम कापली असती, न मिळालेल्या पेट्रोलची.

म्हणून नोझल आपल्या हातात आल्याने काही मिळणार नाही. आपल्याकडे रांगेत दुचाक्या जास्त, एकेकीचं भरणं शंभर-दोनशेचं, आणि नोझल धरणाऱ्या पोराचा पगार त्या महागड्या यंत्राच्या हप्त्यापेक्षा कमी. तेव्हा मालकही त्याला काढणार नाही. आणि काढूही नये. हिशेबात तूट आली तर ती पुष्कळ ठिकाणी त्याच्याच पगारातून जाते, बारा तास वाफा तोच पितो, आणि आपण त्याच्यावर डोळे वटारून झिरो बघतो तेव्हा आतल्या पल्सरला कुणी बघत नसतं.

आपल्याला हवं ते फार साधं आहे. एक, कार्डचं मशीन नोझलच्या यंत्राला जोडलेलं, म्हणजे जेवढं भरलं तेवढीच रक्कम आपोआप मशीनवर येईल आणि कुणाचा अंगठा मध्ये येणार नाही. काही पंपांवर हे चालू आहे, त्यामुळे तंत्रज्ञान नाही असं कुणी सांगू नये. दोन, पावती. न मागता. तीन, मशीन बंद असेल तर ती पाटी नोझलजवळ, भरण्याआधी दिसेल अशी. चार, वैधमापनशास्त्र विभागाने वर्षाला लावलेल्या शिक्क्यावर न थांबता अधूनमधून अचानक येऊन मोजावं.

आणि तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करावं. पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप ठेवलेलं असतं आणि ते मागण्याचा हक्क कुणाही गिऱ्हाइकाला आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त निघाला तर तक्रार करता येते. एकदा मागून बघा. पंपावरची चारही माणसं एकदम कामाला लागतात.